परसदारचा टूलबॉक्स

घरामागे चार झाडं आहेत, पण हातात वेळ फक्त शनिवार सकाळचा? मग नवं रोप घेण्याआधी अवजारांकडे बघा. काय घ्यायचं, काय दुकानातच ठेवायचं आणि कशाने अर्धं काम आपोआप होतं, याचा हा रोखठोक हिशेब.

मॉलमधल्या गार्डनिंगच्या रॅकसमोर तुम्हीही कधीतरी रेंगाळला असाल. गुलाबी मुठीचं पिटुकलं फावडं, त्याच रंगाचा काटा, फुलाफुलांचे हातमोजे, नाजूकशी झारी... सगळं इतकं गोड दिसतं, की घरी जाऊन लगेच काहीतरी लावावंसं वाटतं. बाल्कनीतल्या चार कुंड्यांसाठी हा सेट झकास आहे. पण ज्यांच्या नशिबात खरीखुरी जमीन आहे, म्हणजे रो-हाऊसच्या मागची पट्टी, तळमजल्याच्या फ्लॅटला मिळालेलं अंगण किंवा घरचा जुना बंगला, त्यांनी तिथून शांतपणे पुढे सरकावं. पुण्याच्या मुरमात तो गुलाबी सेट पहिल्याच फटक्याला मान टाकतो!

माझ्या वाट्याला जुना बंगला आला. कोथरूडमधलं सासर, मागे तीस बाय वीस फुटांचं परसदार आणि त्यात तीन झाडं. एक जुना रायवळ आंबा, एक पेरू, एक लिंबू. नवरा आणि मी, दोघांचंही ऑफिस हिंजवडीला. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार झाडांचं तोंड उजेडात दिसायची मारामार. मार्च २०२४मधल्या एका रात्री जेवताना अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर केलं, "मागे पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. तुमची दुसरी गाडी आत येईल."

आंबा राहणार होता, पण ब्लॉक थेट त्याच्या बुंध्याला भिडणार होते. पेरू आणि लिंबाला रीतसर परवानगी काढून निरोप द्यायचा होता.

अप्पांना झाडं आवडत नाहीत असं मुळीच नाही. ते लिंबू त्यांनीच लावलंय. पण वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरणारे आणि वर्षानुवर्षं येणारे माळीकाका गावी परतलेले. त्यांच्या तक्रारी चार होत्या आणि चारही रास्त होत्या. रोजचा पाला. उन्हाळ्यातलं पाणी. आंब्याची वाळकी फांदी शेजाऱ्यांच्या गाडीवर लोंबतेय. आणि पेरू निघतो तो किडका.

"दिवाळीपर्यंत वेळ द्या अप्पा," मी म्हटलं. "तोवर यातलं एकही काम तुमच्या अंगावर येणार नाही."

"बघू," अप्पा म्हणाले. पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

नंतर नीट विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या चारपैकी एकही तक्रार झाडांबद्दल नव्हती. ती सगळी कामं होती आणि ती करायला घरात धड अवजार नव्हतं. बोथट कोयता, दांडा हलणारी कुदळ आणि गळका पाइप एवढ्या भांडवलावर कुणीही कंटाळेल. म्हणून आधी खरेदी!

पाला आणि माती

आमची पहिली शनिवार-फेरी झाली रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. हार्डवेअरसाठी पुण्यात हा पत्ता जुना आणि खात्रीचा. यादी छोटी होती. फावडं, कुदळ, खुरपं, दाताळं, दोन घमेली.

आपलं फावडं आणि सिनेमात दिसणारं परदेशी 'स्पेड' यांत मोठा फरक आहे. स्पेडवर बुटाने दाब देऊन ते जमिनीत घुसवायचं असतं. मऊ, ओलसर मातीत ते जमतं. आपलं फावडं वरून पडतं आणि माती स्वतःकडे ओढतं. टणक जमिनीत, पायात साधी चप्पल असताना हेच सोयीचं. मुरूमच लागला तर टिकाव किंवा पहार हवी, पण ती विकत घेऊ नका. वर्षातून एकदा लागणारी वस्तू शेजाऱ्यांकडून किंवा ओळखीच्या काँट्रॅक्टरकडून मागून आणण्यात कसलाही कमीपणा नाही.

खुरपं मात्र स्वतःचं हवं आणि ते दुकानातच हातात धरून बघा. मूठ तळव्यात बसली पाहिजे आणि पात्याची शेपटी मुठीत पक्की रुतलेली पाहिजे. तण काढणं, माती भुसभुशीत करणं, रोप लावणं, कडेचं गवत कापणं, ही सगळी कामं हे एक अवजार करतं. दांड्याच्या अवजारांना बाभळीचा दांडा मिळाला तर उत्तम. आणि दांड्याची उंची तुमच्या उंचीप्रमाणे निवडा. दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकलेल्या पाठीला शनिवारी पुन्हा वाकायला लावू नका!

दाताळ्याने पाला ओढायचा, घमेल्यात भरायचा. पण टाकायचा कुठे? इथे आली आमची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. बाजूंना भोकं पाडलेला जुना प्लॅस्टिकचा पिंप. खाली काटक्या, मग सुका पाला, मग स्वयंपाकघरातला ओला कचरा, पुन्हा पाला असे थर. अधूनमधून आंबट ताक किंवा शेणाचं पाणी शिंपडायचं आणि आठवड्यातून एकदा काठीने खालवर करायचं. वास यायला लागला तर सुका पाला कमी पडतोय असं समजा. काही महिन्यांत काळंभोर, मातीचा वास येणारं खत तयार होतं. उरलेला पाला झाडांच्या आळ्यात पसरायचा. ज्या पाल्याने अप्पा वैतागले होते, त्याचा पंधरा दिवसांत तुटवडा पडायला लागला.

पाण्याचा पत्ता बदला

पाइप घेऊन बुंध्याला धो धो पाणी घालणं, हा रविवारचा आवडता कार्यक्रम बऱ्याच घरांत असतो. वाढलेल्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं मात्र बुंध्याला चिकटून नसतात, ती पसाऱ्याच्या कडेकडे असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, साधारण तिथे गोल आळं करा. पाणी तिथे द्या. बुंध्याशी उलट थोडा मातीचा उंचवटा हवा, म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही.

आम्ही यासाठी ठिबकचा छोटा सेट बसवला. सोळा मिलिमीटरची काळी नळी, पेरू आणि लिंबाला चार-चार ड्रीपर, सुरुवातीला एक फिल्टर आणि नळाला बॅटरीवर चालणारा टायमर. ड्रीपरवर ताशी किती लिटर ते छापलेलं असतं. चार लिटरचे चार ड्रीपर दोन तास चालले, की झाडाला बत्तीस लिटर मिळाले, असा साधा गुणाकार. पाणी मोजलं गेलं की उधळपट्टी आपोआप थांबते. हे बसवायला प्लंबरसुद्धा लागत नाही. भोक पाडायचा पंच सेटबरोबरच मिळतो. फिल्टर तेवढा दर पंधरवड्याला धुवा. ड्रीपर तुंबतात ते तिथल्या कचऱ्यामुळेच.

ठिबकचा खर्च नको असेल तर जुना मटका उपाय आहेच. तळाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेला मटका आळ्यात गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा आणि वर झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्याच पाण्यात अंडी घालतो. पिंप असो, मटका असो की कुंडीखालची थाळी, उघडं पाणी ठेवायचं नाही.

जुन्या आंब्याला मात्र फार लाड लागत नाहीत. उलट पावसाळा संपल्यावर, मोहोर येण्याच्या आधीचे दोन-तीन महिने त्याचं पाणी तोडतात. तेव्हा भरपूर पाणी मिळालं, तर झाड मोहोराऐवजी पालवीच काढत बसतं.

कात्री कुठली?

आता सगळ्यात ग्लॅमरस अवजार. इंग्रजीत सेकेटर्स, आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या भाषेत सिकेटर. सगळ्या खरेदीत पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. यात दोन प्रकार येतात. एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकींशेजारून जातात, त्याला बायपास म्हणतात. दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर जाऊन आपटतं, तो अन्व्हिल. हिरव्या, जिवंत फांदीला बायपासच हवा. अन्व्हिलने ती चेंगरते आणि चेंगरलेल्या जखमेतून रोग शिरतो. वाळक्या काटक्यांना अन्व्हिल चालतो.

सिकेटरने करंगळीएवढी, फार तर अंगठ्याएवढी फांदी कापायची. त्याहून जाड असेल तर वाकडी, दातेरी, ओढून कापणारी करवत. सिकेटरला पिळून पिळून जाड फांदी तोडायला जाल, तर फांदी तशीच राहील आणि कात्रीचा सांधा ढिला होईल.

करवतीने कापायचीही एक पद्धत आहे. थेट खोडाजवळ वरून कापलं, तर फांदी अर्ध्यात स्वतःच्या वजनाने तुटते आणि खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, थोडासाच. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, आरपार. वजन उतरलं की उरलेला खुंटारा तिसऱ्या कापात काढायचा. तोही खोडाला घासून नाही, तर फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड दिसते तिच्या जरा बाहेरून. ती कडच जखम भरून काढते.

कधी कापायचं? आंब्याची वाळकी आणि आत गर्दी करणारी फांदी, फळं उतरल्यावर, कोरड्या दिवशी. पेरूची हलकी छाटणी उन्हाळ्यात, कारण पेरू नव्या फुटीवरच धरतो. लिंबाचे सरळ वर सुटलेले, फळ न देणारे पाणसोट दिसले की लगेच. आणि झाड कलमी असेल, तर जोडाच्या खालून आलेली प्रत्येक फूट काढायची. ती खुंटाची असते आणि वरच्या कलमाचं खाणं पळवते.

शेजाऱ्यांच्या गाडीवरची ती फांदी आम्ही स्वतः कापली नाही. माझा नियम सोपा आहे. पाय जमिनीवर असताना जे हाताला येतं ते माझं, बाकीचं अनुभवी माणसाचं. अल्युमिनियमची शिडी आणि जवळून जाणारी विजेची तार, हा तर प्राणाशी खेळ. शिवाय महाराष्ट्रात १९७५पासून शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्यांना हात लावण्याआधीही महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्यावं. आम्ही अर्ज केला, मग माणूस बोलावला, आणि दुसरी तक्रार अप्पांनी स्वतःच्या हाताने यादीतून खोडली.

झाडांची फर्स्ट-एड पेटी

कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद आणि कळीचा चुना, दोन्ही प्रत्येकी शंभर ग्रॅम आणि पाणी एक लिटर, हे घरगुती माप. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात भिजवायचं, गार झाल्यावर एकत्र करायचं. लोखंडी भांडं अजिबात नको. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. नावात बोर्डो आहे ते फ्रान्समधल्या द्राक्षांच्या गावामुळे. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे. त्याच वेली रोगापासून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं आणि १८८५मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांवरचा उपाय रोगावरही चालला!

पेटीतली दुसरी वस्तू म्हणजे निंबोळी. पेंड मातीत मिसळायला आणि अर्क फवारायला. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचा. एक-दोन लिटरचा हातपंप आपल्या परसदाराला पुरतो. लिंबाची पानं खाणाऱ्या अळ्या थोड्या असतील, तर त्यासाठी फवारणीही नको. जाड हातमोजे घालून वेचा. लिंबाच्या काट्यांसाठी मोजे तसेही लागतातच.

आणि किडके पेरू? तो प्रताप फळमाशीचा. ती फळाच्या सालीखाली अंडी घालते, म्हणून बाहेरून सुंदर दिसणारा पेरू आतून वळवळतो. यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा प्रसिद्ध आहे. आतल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नरमाश्या आत येतात आणि अडकतात. कृषी सेवा केंद्रात असे सापळे मिळतात. फक्त आतली वडी पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे बदलायची. पण सापळा लावला आणि खाली पडलेले पेरू तसेच कुजू दिले, तर उपयोग शून्य. त्यातल्याच अळ्या मातीत जाऊन नव्या माश्या होतात. पडलेलं फळ रोजच्या रोज उचलून जाड पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं.

त्याहून भन्नाट उपाय फळालाच कपडे घालायचा. लिंबाएवढा पेरू झाला, की सफरचंदावर येते तशी फोमची जाळी चढवायची आणि वरून खालच्या कोपऱ्यांना भोकं पाडलेली पातळ पिशवी बांधायची. आंबा अंड्याएवढा झाला, की त्याला वर्तमानपत्राची पिशवी. कोकणातले हापूसवाले हेच करतात. आमच्याकडे फळवाल्याकडून फुकट मिळालेल्या जाळ्या चढवायचं काम अप्पांनी मागून घेतलं. खुर्ची टाकून, बसल्या बसल्या, खालच्या फांद्यांपुरतं. त्या पावसाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच पेरू न चिरता थेट चावताना पाहिलं.

उतरवायचं कसं?

आंब्याला दगड मारणं हे बालपणीचं सुख असलं, तरी आपटलेला आंबा पिकत नाही, सडतो. शिवाय देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पाडतो. म्हणून झेला हवा. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं. पातं देठ कापतं, फळ अलगद जाळीत पडतं. दापोलीच्याच विद्यापीठाचा 'नूतन झेला' कोकणात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घेताना काठीचं वजन जरूर बघा. पाचव्या आंब्याला हात भरून आला, तर उरलेले पन्नास झाडावरच राहतात.

नवं झाड लावणार असाल तर

उन्हाळ्यातच खड्डा घ्या. आंब्याला एक मीटर लांब-रुंद-खोल, पेरू-लिंबाला साठ सेंटिमीटर पुरतो. तो उन्हात तापू द्या आणि पावसाच्या तोंडावर चांगली माती, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरा. जागा छोटी असेल तर पेरूचा 'सरदार' वाण बघा. हा तर पुणेकरच, १९२७ साली गणेशखिंडच्या बागेत निवडलेला. लिंबात राहुरी कृषी विद्यापीठाचा 'साई सरबती' आहे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. शेजारी बांबू रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. तिथे सगळ्यात उंच रोपाच्या मोहात पडू नका. काळ्या पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतील, तर ती उंची काही कामाची नाही.

अवजारांचे लाड

काम झालं की माती पुसायची, पातं कोरडं करायचं आणि तेलाचा बोळा फिरवायचा. महिन्यातून एकदा कानस. सिकेटर रोगट फांदीवर वापरला, तर पुढच्या झाडाआधी स्पिरिटने पुसा. दांडा हलायला लागला, तर डोकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून पकड बसते. दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचं तेल. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम, पण बोथट कात्रीमुळे जाणारा अख्खा शनिवार वाचतो.

अप्पांचा निकाल

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अप्पांनी पेव्हरवाल्याला बोलावलंच. माझ्या पोटात गोळा! तोवर आम्ही त्यांच्यासमोर एक माहिती ठेवली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, कारण मुळांना हवा-पाणी मिळत नाही. अप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. सरकारी दाखला म्हटला, की ते कान टवकारतात. त्यांनी खडूने रेघ मारली. फाटकापासून भिंतीलगत गाडीपुरता पट्टा, त्यात फटी ठेवून बसवलेले ब्लॉक. आंब्याभोवती एकाऐवजी दोन मीटर मोकळी माती. पेरू आणि लिंबू जागच्या जागी.

गाडीही आत आली. फक्त मे महिन्यात तिच्यावर कैऱ्या पडतात. त्याबद्दल तक्रार करायची नाही, असं अप्पांनी आम्हाला बजावलंय.

शनिवारची शॉपिंग लिस्ट

आधी घ्या: खुरपं, फावडं, दाताळं, दोन घमेली, जाड हातमोजे, बायपास सिकेटर.

मग घ्या: ओढून कापणारी करवत, ठिबक सेट आणि टायमर, छोटा फवारणी पंप, फळमाशीचा सापळा, कानस.

फळं धरल्यावर घ्या: झेला, फोमच्या जाळ्या.

घरातच शोधा: कंपोस्टसाठी जुना पिंप, वर्तमानपत्रं, सुतळी, आंबट ताक.

मागून आणा: पहार, टिकाव.

मॉलमध्येच ठेवा: तो गुलाबी सेट!